बाहेरचा बांध आणि आतला बांध

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहतात. दगडविटांचा सांगाडा, त्यावर ओल्या मातीचा गिलावा, उतारावर मोहरी पेरून उगवलेले रान, पायथ्याशी तळे, बाजार, विहीर आणि शेतात राबणारा मातीचा शेतकरी. बालकारागिराच्या मनात आले की डावीकडचे तळे उजवीकडे जाते, बाजार उठून दरवाज्यापाशी येतो आणि बुरुजाला जागा हवी म्हणून शेतकऱ्याचे शेत सरळ आत घेतले जाते. मातीचा शेतकरी त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. नगररचनेचे काम इतके सोपे असते तर राज्यकर्त्यांना किती बरे वाटले असते! परंतु खऱ्या विहिरीला झरा लागतो, खऱ्या तळ्याला सांडवा लागतो आणि खऱ्या शेतकऱ्याला तोंड असते.

देशाने आपल्या उत्कर्षाची एक दिशा ठरवावी, राज्याने तिला अनुसरून प्रदेशाचा आराखडा करावा आणि नगरपालिकेने त्या आराखड्यात आपले रस्ते, शाळा, बाजार व नळ बसवावेत, अशी ही उतरंड आहे. विषय रुक्ष आहे खरा. फराळाचे ताट पुढे असताना ‘विकास योजनांचा मेळ’ असे शब्द कानी पडले तर कोणीही पान उलटील. तथापि ज्यांना ह्या मेळाची किंमत मोजावी लागली अशी माणसे आपल्यापासून फार दूर नाहीत. मुंबईच्या बंदरावरून पूर्वेकडे पाहिले की पाण्यापलीकडे जे डोंगर दिसतात, त्यांच्या पायथ्याशी उरण, पनवेल, पेण आणि अलिबाग हे तालुके पसरले आहेत. १९८१ पर्यंत ह्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आज तो रायगड म्हणून ओळखला जातो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ह्या किनाऱ्यावर जितके नकाशे आखले गेले, तितके महाराष्ट्रातल्या थोड्याच भागांवर आखले गेले असतील.

त्या नकाशांकडे वळण्यापूर्वी इथल्या जमिनीची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. कारण पुढच्या साऱ्या हकीकतीची किल्ली तिच्यात आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते ती खाजणाची जमीन. तिला मातीदगडाचा भक्कम बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा, पावसाच्या पाण्याने काही वर्षे तिचा खार धुऊ द्यायचा आणि मग तिच्यात भात लावायचे, असा उद्योग इथल्या आगरी व इतर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. ह्या खारजमिनीला बांध दोन प्रकारचे. बाहेरचा मोठा बांध सर्वांचा. तो फुटला की एकाचे नव्हे, सगळ्या खाराचे पीक बुडते. आतले लहान बांध ज्याचे त्याचे. कोणत्या खाचरात किती पाणी धरायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. बाहेरच्या बांधाला ठिकठिकाणी झडपा असत. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर जाई, भरतीला झडप मिटे. कुलाबा जिल्ह्यातल्या शिलोत्री नावाच्या जुन्या वहिवाटीत बाहेरच्या बांधाची जबाबदारी एका धारकावर असे आणि त्यासाठी कुळे त्याला धान्याचा ठरावीक वाटा देत. बाहेरच्या बांधावाचून आतल्याला अर्थ नाही आणि आतल्यावाचून बाहेरचा बांध म्हणजे रिकाम्या चिखलाभोवतीचे कुंपण, हे इथल्या निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक होते. आणि दोहोंच्या मध्ये उघाडी नसेल तर शेत समुद्राने नव्हे, आतल्याच पाण्याने कुजते, हेही त्याला ठाऊक होते.

आता पनवेलकडे वळू. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि पनवेलची भरभराट झाली. घाटावरचा माल इथे उतरावा, इथले भात-मीठ वर जावे, आणि ह्या वाहतुकीला लागणारी गाड्यांची चाकेही पनवेलातच घडावीत. पनवेलची चाके दूरवर नावाजलेली होती. अशा गावाला आपला कारभार आपण पाहावा असे वाटले तर नवल नाही. १८५० च्या कायद्याने गावकऱ्यांना नगरपालिका मागण्याची मुभा दिली होती. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची म्हणून सांगितली जाते आणि राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते असे तिचे साधे काम होते.

पण गावाने आपला दिवा लावला, त्याच सुमारास त्याच्या भवितव्याची रेघ दुसरीकडे ओढली जात होती. रेल्वेचा मार्ग कल्याणवरून निघाला. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत गेली, १८६३ साली बोरघाट चढून वर पोहोचली आणि घाटावरच्या मालाचा मोठा ओघ पनवेलच्या धक्क्यावरून उठून कल्याणकडे वळला. रेल्वेच्या आखणीत दोष होता असे नाही. डोंगर आणि चढ पाहूनच ती झाली. परंतु ह्या गावाचे पोट ज्या वाटेवर आहे ती वाट आपण बदलीत आहोत, तर त्याला पर्याय काय द्यावा, हा प्रश्न कोणाच्या कागदावर नव्हता. नगरपालिकेच्या हाती कंदील होता. वाट तिच्या हाती नव्हती. पनवेलला आगगाडी पोहोचायला पुढे शंभर वर्षे लागली. बाहेरच्या बांधाची जागा बदलली आणि आतल्या शेतकऱ्याला ते पीक गेल्यावर कळले, अशातला हा प्रकार.

ह्याच किनाऱ्यावर नीट जुळवून घेतल्याचेही एक उदाहरण आहे आणि ते मोठे गमतीचे आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद करणारी वेधशाळा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालवण्याचे ठरले. शहराला विजेची ट्राम हवी होती. पण त्या विजेच्या प्रवाहाने वेधशाळेच्या नाजूक सुया भरकटल्या असत्या. एकीकडे शहराची सोय, दुसरीकडे साऱ्या जगाशी जोडलेले शास्त्रीय काम. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस ह्यांनी दुसरी जागा शोधली ती अलिबागची. तिथे चुंबकाला खेचणारी कोणतीही वस्तू न वापरता इमारत बांधली गेली आणि १९०४ साली काम सुरू झाले. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोहोंतला फरक नीट जमवून घेतला आणि मगच मुंबईची नोंद बंद झाली. विजेची ट्राम १९०७ साली धावली. अलिबागच्या नोंदींची परंपरा म्हणूनच आजवर अखंड मानली जाते. ट्रामने कोणाचे काय बिघडेल हे ट्राम येण्यापूर्वी विचारले गेले, दोघांनाही जागा मिळाली आणि जुने मोडण्यापूर्वी नवे उभे राहिले. चुंबकाच्या सुईसाठी जे केले गेले ते माणसांसाठी नेहमी केले गेले असते तर हा लेख इथेच संपला असता.

नगररचनेचा कायदा आपल्याकडे लवकर आला. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा हिंदुस्थानातला अशा प्रकारचा पहिला. त्यात एक शहाणपणाची युक्ती होती. वेड्यावाकड्या शेतांच्या जागी रस्ते व मोकळ्या जागा आखायच्या, प्रत्येक मालकाने त्यासाठी आपल्या जमिनीचा काही हिस्सा सोडायचा आणि उरलेली जमीन नीटनेटक्या भूखंडाच्या रूपाने त्यालाच परत द्यायची. वाढलेल्या किमतीचा काही भाग सुधारणेच्या खर्चाला जाई. मालक उठत नसे. तो जागच्या जागी सरकत असे. पुढे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीची विकास योजना करणे बंधनकारक झाले. त्याच काळात पंचवार्षिक योजना सुरू झाल्या होत्या. धरणे, पोलाद, बंदरे ह्यांचे आकडे दिल्लीत ठरत होते, आणि गटारे, शाळा, बाजार ह्यांचे नकाशे नगरपालिकांत. ह्या दोहोंच्या मध्ये जो प्रदेश उरतो त्याचा वाली कोण, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

तो ऐरणीवर आणला मुंबईच्या गर्दीने. १९५१ साली बृहन्मुंबईची वस्ती तीस लाखांच्या घरात होती, १९६१ साली ती साडेएकेचाळीस लाखांच्या आसपास गेली आणि १९७१ साली साठ लाखांना टेकली. बेटाला चहूकडून पाणी. माणसे राहणार कुठे? श्री. स. गो. बर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ साली ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या भूमीवर वस्ती वाढवावी असे सुचवले. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघा तज्ज्ञांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे एक जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. त्याच सुमारास राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांची समिती नेमली. शहराचे दुखणे शहराच्या हद्दीत राहून बरे होत नाही, त्यासाठी सगळा प्रदेश एकत्र पाहिला पाहिजे, असे ह्या समितीचे सांगणे होते. त्यातूनच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ जन्माला आला. वर प्रादेशिक योजना, तिच्या चौकटीत गावाशहराची विकास योजना आणि तिच्याही आत वाडीवस्तीची नगररचना योजना, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था त्याने घालून दिली. मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती व सूचना मागवायच्या, त्यांची सुनावणी करायची आणि मग सरकारने मंजुरी द्यायची. खाराच्या भाषेत सांगायचे तर बाहेरचा बांध, आतला बांध आणि उघाडी, तिन्ही गोष्टी ह्या कायद्यात होत्या.

पण त्याच कायद्यात आणखी एक दार होते. एखाद्या भागाचे नियोजन सरकार ‘नवनगर विकास प्राधिकरणा’कडे सोपवू शकते. मग त्या भागापुरती आखणी गावाच्या हातून जाते. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी नव्या मुंबईचे काम त्याच्याकडे आले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली मिळून पंचाण्णव गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा मुलूख. १९७३ साली आराखडा प्रसिद्ध झाला, १९७९ साली त्याला मंजुरी मिळाली. वीस लाखांचे शहर वसवायचे होते. एकच भला मोठा मध्य न ठेवता रेल्वेच्या कडेने मण्यांसारखी उपनगरे गुंफावीत, प्रत्येकात शाळा, बाजार आणि कामधंदा असावा, पावसाचे पाणी साठवण्यासाठी तळी राखावीत, असा तो विचार होता. तज्ज्ञांच्या हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. खाडीकाठची ती साठवण तळी आणि त्यांची झडपांची दारे पाहिली म्हणजे जुन्या उघाडीचीच आठवण होते.

मग अडले कुठे? पहिली अडचण वरच्या वरच होती. नवी मुंबई वसवायची तर राज्याची सचिवालये आणि मोठ्या कचेऱ्या खाडीपलीकडे जाव्यात अशी अपेक्षा होती. पण त्याच दशकात दक्षिण मुंबईत समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे मनोरे चढत होते. घरच्याच दोन भावांनी एकाच गायीला दोन दिशांना ओढावे, तसे हे झाले. घाऊक बाजार वाशीला आला, पोलादाचा बाजार कळंबोलीला आला. पण मंत्रालय जागचे हलले नाही. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ साली खुला झाला आणि रेल्वे मानखुर्दहून वाशीला पोहोचली ती १९९२ साली. त्या लोहमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, तेव्हा कुठे गाडी आली. ज्या शहराचा कणाच रेल्वे, त्याला कण्यासाठी एकोणीस वर्षे थांबावे लागले.

दुसरी अडचण अधिक खोल होती. नकाशावर शेते घेतली गेली आणि गावठाणे तेवढी जागच्या जागी सोडली गेली. कागदावर हे ठीक दिसले. परंतु गावठाण म्हणजे काही चित्रातले घर नव्हे. १९७० साली ज्या घरात बाप आणि दोन मुले होती, तिथे वीस वर्षांत तीन चुली मांडल्या गेल्या. एरवी कोकणातला मुलगा मोठा झाला की घराशेजारच्या आपल्याच तुकड्यात पडवी वाढवतो, पुढे वेगळे घर बांधतो. इथे तो तुकडा सिडकोचा झाला होता. घर बांधले तर सरकारी भाषेत अनधिकृत, न बांधले तर राहायचे कुठे? गावकऱ्यांनी त्या घरांना स्वतःचे नाव दिले: गरजेपोटी बांधलेली घरे. २०१० पासून पुढे ती नियमित करण्यासाठी एकामागून एक शासननिर्णय निघाले. वीस लाख पाहुण्यांची मोजणी करणाऱ्या आराखड्यात यजमानांच्या नातवंडांची मोजणी राहून गेली होती. गावच्या तलाठ्याला, शाळामास्तराला किंवा सरपंचाला ती मोजता आली असती.

मोबदल्याचा प्रश्न चिघळत गेला. जमिनीला मिळणारा भाव आणि त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या भूखंडाचा भाव, ह्यांतली तफावत डोळ्यांना दिसत होती. उरण तालुक्यातल्या जासई गावचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, ह्यांनी हा लढा उभा केला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवशी उरण भागात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्या हुतात्म्यांचे स्मरण आजही दरवर्षी केले जाते. ह्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: जितकी जमीन संपादन झाली तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत. त्यातूनही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होत आणि हाती पावणेनऊ टक्के पडत. तरीही शेतकरी शहराचा भागीदार ठरला, ही गोष्ट लहान नव्हती. विमानतळासाठी गावे उठवताना हा वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत नेला गेला. वाचकांच्या लक्षात आले असेल की १९१५ च्या कायद्यातली युक्ती हीच होती: मालकाला उठवू नका, त्याला सरकवा आणि त्याचा वाटा त्याला द्या. जे कायद्याच्या पुस्तकात अर्धशतकापूर्वीच लिहिलेले होते, ते मिळवायला पाच माणसांचे प्राण जावे लागले. उघाडी वेळेवर उघडली नाही तर बांध कुठेतरी फुटतोच.

बंदराची कथा याहून वेगळी नाही. मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारण्याचा निर्णय हा राष्ट्रीय धोरणाचा भाग होता. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पुढे कंटेनरच्या वाहतुकीत ते देशातल्या अग्रगण्य बंदरांत गणले जाऊ लागले. देशाला त्याची गरज होती ह्यात शंका नाही. परंतु त्यासाठी शेवा गावातली शेतकरी आणि कोळी कुटुंबे उठवली गेली. कोळ्यांसाठी उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवला. तिथे जागा अपुरी पडली आणि घरांना वाळवी लागली. पुन्हा पुनर्वसन करा म्हणून त्या वस्तीला वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. ज्या माणसाला खाडीतला प्रत्येक खडक ठाऊक असतो, त्याला आपल्या घराखालची माती कशी आहे हे बांधण्यापूर्वी कोणी विचारले असते तर त्याने सांगितले असते. आणखी एक गोष्ट. बंदराचे कंटेनर १९८९ पासून धावू लागले. उरणच्या माणसाला बसण्यासाठी लोकलगाडी उरण स्टेशनात आली ती जानेवारी २०२४ मध्ये. राष्ट्राचा माल आणि गावचा विद्यार्थी ह्यांच्यात पस्तीस वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात उरणच्या रस्त्यांवरून अवजड वाहनांच्या कडेने दुचाकी हाकणाऱ्यांना ह्या अंतराचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ह्या साऱ्यातून देशाने काही धडा घेतला की नाही? कागदावर घेतला. संविधानाच्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्या १९९२ साली संमत झाल्या. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय नमूद केले गेले, त्यांत पहिलाच विषय नगररचनेचा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी, तिने ग्रामपंचायती आणि नगरपालिका ह्यांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा करावा, तिचे चार पंचमांश सभासद स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत, असे ठरले. महानगर प्रदेशासाठी महानगर नियोजन समिती, तिथे दोन तृतीयांश निवडून आलेले. राष्ट्राचे व राज्याचे अग्रक्रमही ह्या महानगर समितीने ध्यानात घ्यावेत असे कलमातच लिहिले आहे. म्हणजे मेळ दोन्ही बाजूंनी व्हावा: वरचे खाली यावे, खालचे वर जावे. महाराष्ट्राने ह्यासाठी कायदेही केले. पण ज्या भागात नवे शहर, नवे बंदर किंवा नवा विमानतळ यायचा, तिथे खास प्राधिकरण नेमण्याची जुनी सवय सुटली नाही.

वरचे दोन आराखडे एकमेकांवर आदळले की काय होते, हे पेण तालुक्याने दाखवले. राज्याने हेटवणे धरण बांधले आणि त्याच्या कालव्यांखाली ह्या गावांची शेते ओलिताला येतील असे सांगितले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण आले आणि उरण, पनवेल व पेण तालुक्यांतली जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मागितली गेली. तिच्यात हीच लाभक्षेत्रातली गावे होती. एका सरकारी कागदावर ज्या शेताला पाणी द्यायचे, दुसऱ्या सरकारी कागदावर त्याच शेतावर कारखाना. शेतकरी बुचकळ्यात पडला नाही. त्याने कोणता कागद धरायचा ते ठरवले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सरकारनेच जमीनधारकांचा कौल घेतला. देशात अशा प्रश्नावर असे मतदान क्वचितच झाले असेल. बहुसंख्यांनी नकार दिला. पुढे भूसंपादनाची मुदत टळली आणि योजना बारगळली. उद्योग यावेत की न यावेत ह्यावर दोन मते असू शकतील. पण सरकारने जमीनधारकाला मतपत्रिकेवर विचारले आणि गोळी न झाडता प्रश्न निकाली निघाला, एवढे तरी १९८४ च्या मानाने पुढे गेलेले पाऊल होते.

गोष्ट इथे संपलेली नाही. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतालच्या गावांचे नियोजन ‘नैना’ ह्या नावाखाली सिडकोकडे आले आणि तिथे नगररचना योजनेची तीच जुनी युक्ती पुन्हा काढली गेली: मालकाला चाळीस टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपात, वाढीव बांधकामाच्या हक्कासह. काहींना ती पटली, काहींनी तिला विरोध केला. पण वाटाघाट भूखंड किती आणि कुठे ह्यावर चालली, उठायचे की नाही ह्यावर नव्हे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची जुनी नगरपालिका महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ती पहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे बावीस किलोमीटरचा सागरी पूल खुला झाला. १९५९ साली सुचवलेला खाडीपूल आता समुद्र ओलांडून गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उलव्याचा डोंगर सपाट करून, उलवे नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आणि मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल व पेण ह्या तीन तालुक्यांतल्या एकशे चोवीस गावांवर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली. तिसरी मुंबई म्हणून तिचा बोलबाला आहे. तिच्याविरुद्धही गावांनी हरकती दाखल केल्या. म्हणजे १९७० सालचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे, फक्त गावांची संख्या पंचाण्णवाहून अधिक आहे.

इतिहासाचा उपयोग एवढाच की ह्या वेळी उत्तर ठाऊक नव्हते असे कोणाला म्हणता येणार नाही. बाहेरचा बांध घालणे राष्ट्राचे आणि राज्याचे काम आहे. बंदर कुठे, विमानतळ कुठे, रेल्वे कुठून, हे एका नगरपालिकेने ठरवण्याजोगे नाही, आणि प्रत्येक गावाने नकार दिला तर देशाची कुठलीच वाट पुरी होणार नाही. परंतु आतले बांध आतल्यांनीच घालावे लागतात. गावठाण पुढच्या चाळीस वर्षांत किती वाढेल, भरतीचे पाणी कुठवर चढते, कोणता ओहोळ बुजवला तर कोणती आळी बुडेल, मासळी कुठे वाळवतात, मसणवटीची वाट कोणती, हे दिल्लीला किंवा मुंबईला कळणार नाही. ते पहिल्याच नकाशावर उमटायला हवे. मंजूर झालेल्या नकाशावर मागाहून ते लिहायचे म्हटले की त्याला मोर्चा लागतो, न्यायालय लागते, कधी कधी प्राण लागतात. आणि मध्ये उघाडी हवी: हरकतींची मुदत पुरेशी, नकाशा मराठीत आणि वाचता येईल अशा आकाराचा, सुनावणी गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर.

ह्यातला काही भाग आपल्याही हातचा आहे. आपल्या नगरपालिकेच्या किंवा तहसीलदाराच्या कचेरीत भिंतीवर एखादा नकाशा टांगलेला असतो, त्याखाली बारीक टाइपात एक नोटीस असते, तिच्यात मुदतीची तारीख असते. बहुतेक घरांतून ती कोणी वाचीत नाही. मुदत संपल्यावर मात्र तिच्याबद्दल सगळे बोलतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलामुलींना घेऊन एकदा तो नकाशा पाहून यावे. आपले घर कोणत्या रंगात दाखवले आहे, शेजारचे तळे निळे आहे की पिवळे, शाळेसाठी राखलेली जागा अजून मोकळी आहे का, एवढे तरी पाहावे. काही चुकले असेल तर साध्या कागदावर, साध्या मराठीत, मुदतीच्या आत लिहून द्यावे आणि पोच मागून घ्यावी.